बेगमी : माळा, पेव आणि पत्र्याची पेटी



इतिहासाच्या शिक्षकाने राजे, तह आणि लढाया यांविषयी लिहावे अशी सर्वांची अपेक्षा असते. या वर्षी मी तुम्हाला तुमच्याच घरातल्या माळ्यावर घेऊन जाणार आहे. माळा नसेल तर निदान दिवाणाखालच्या कप्प्यापर्यंत तरी माझ्याबरोबर या. घराने संकटाची तयारी कशी केली, यालाही इतिहास आहे. तो बखरीत सापडत नाही, पण भिंतींच्या जाडीवर, कणगीच्या जागेवर आणि आजीच्या तोंडी राहिलेल्या दोनचार शब्दांवर तो स्पष्ट लिहिलेला असतो.

त्यातला एक शब्द 'बेगमी'. पावसाळ्याची बेगमी, लाकूडफाट्याची बेगमी असे आपण सहज म्हणतो. वर्गात मी या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा एका मुलीने 'घरातल्या बेगमेने करायचे काम' असे उत्तर दिले. वर्ग हसला. व्यवहार पाहिला तर तिचे फारसे चुकलेही नव्हते! पण शब्द आला आहे फारसीतून. 'बे' म्हणजे विना आणि 'गम' म्हणजे चिंता, दुःख. फारसीत चिंतामुक्त मनाची अवस्था सांगणारा हा शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ झाला भरलेली कणगी. आपल्या पूर्वजांनी निश्चिंतपणाचा अर्थ असा तांदळाच्या मापात लावला, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

आता कोकणातल्या जुन्या घरात चला. वैशाख संपत आला की 'आगोट' जवळ आली असे म्हणत आणि घराला एकच घाई सुटे. कौले उतरवून, फुटकी बदलून घर शाकारायचे. पश्चिमेकडून पावसाचा मारा येतो म्हणून त्या अंगाला माडाच्या झावळ्यांची झापे बांधायची. शेणी आणि लाकडे पडवीत रचायची. तांदूळ, नाचणी, कुळीथ, कडवे वाल, मीठ, आमसुले भरून ठेवायची. आमच्या मुस्लिम घरांतून, आणि शेजारच्या हिंदू घरांतूनही, सुक्या मासळीचे डबे वेगळे असत. सोडे, जवळा, बोंबील, सुका बांगडा. माझी नानी त्या डब्यांना कोणाला हात लावू देत नसे. मृगाचा पहिला पाऊस पडेपर्यंत डबा उघडायचा नाही, हा तिचा कायदा होता.

एवढी धांदल कशासाठी? पावसाळ्यात किनाऱ्याच्या आगबोटी बंद असत. खाड्या फुगत, ओढे उतार देत नसत, घाटरस्त्यांचा भरवसा नसे. मुंबईला कमावणाऱ्या माणसाची मनीऑर्डर उशिरा येई आणि माणूस तर गणपती-नारळी पौर्णिमेच्या सुमारासच येई. चार महिने प्रत्येक गाव हे बेट होते. म्हणून घराने चार महिने स्वतःच्या पायांवर उभे राहायचे असा रिवाज पडला. त्याला कोणी 'आपत्ती व्यवस्थापन' म्हटले नाही, आगोटच म्हटले.

आता सह्याद्री ओलांडून देशावर, सोलापूर आणि लातूरकडे जाऊ. तिथली साठवण माळ्यावर नसे, जमिनीत असे. गावठाणाच्या कोरड्या पांढऱ्या मातीत पेव खणायचे, आत कडब्याचे अस्तर लावायचे, ज्वारी भरायची आणि तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचे. अशा पेवातली ज्वारी दोनतीन वर्षे टिके. पेव उघडल्यावर मात्र लगेच आत उतरायचे नाही. कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरून मरतो. आधी तोंड उघडे ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर थांबायचे. विज्ञानाचे पुस्तक न वाचलेल्या शेतकऱ्याला हा प्रयोग पाठ होता. 'रोगाचे पेव फुटले' असे आपण आज म्हणतो तेव्हा त्या उघडलेल्या तोंडाची कोणाला आठवण राहत नाही.

कोकणात साठवण उंचावर, देशावर जमिनीखाली. हा भेद नीट ध्यानात घ्या, कारण माझे सारे म्हणणे त्यात आहे. घराने आपला साठा कोठे ठेवला आहे, यावरून त्या घराला भीती कशाची आहे हे कळते. कोकणची भीती ओलीची होती. देशावरची भीती दुष्काळाची. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ ज्या मुलखाने भोगला, त्याने धान्य जमिनीत पुरून ठेवावे यात नवल काही नाही. १९७२ च्या दुष्काळात मात्र कणग्या आणि पेवे दोन्ही रिकामी पडली आणि लोकांनी परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. ती चव आमच्या पिढीतील अनेकांच्या जिभेवर अजून आहे.

येथवरचा इतिहास सुखाचा वाटेल. वाडवडील शहाणे आणि आपण गाफील, असा निष्कर्ष काढून मोकळे होण्याचा मोह मलाही होतो. पण मित्रांनो, इतिहास इतका सोपा नाही. जी तयारी एका संकटातून वाचवते तीच दुसऱ्या संकटात घात करते. याचा दाखला किल्लारीएवढा दारुण दुसरा नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेल्याची सरकारी नोंद आहे. आता या घरांकडे पाहा. दगड आणि मातीच्या भिंती दोनदोन, तीनतीन हात रुंद. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. पाऊस झिरपू नये म्हणून त्यावर दरवर्षी आणखी माती चढवायची. उन्हाळ्यात बाहेर आग ओकत असली तरी माळवदाचे घर गार राही. उन्हापासून आणि चोरांपासून रक्षण करण्यासाठी पिढ्यान्पिढ्या चढवलेली तीच माती त्या पहाटे निजलेल्या माणसांवर आली. ज्या घरांत माळवदाचा भार भिंतींवर नसून खणांच्या लाकडी खांबांवर होता, त्यांतल्या काहींत भिंती ढासळल्या तरी छत वर राहिले आणि माणसे वाचली. खांब आणि भिंत यांतला हा फरक घर बांधणाऱ्याच्या मनात भूकंपासाठी नव्हताच.

आणि सूचना मिळाली नव्हती असेही नाही. ऑगस्ट १९९२ पासून त्या भागात लहान धक्के बसत होते, त्या ऑक्टोबरात तर बरेच जाणवण्याजोगे. लोक घाबरले. मग महिने उलटले, धक्के थांबले, भीती विरली. शास्त्रज्ञांच्या नकाशावरही तो मुलूख भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याचा म्हणून रंगवलेला होता. नकाशा बदलला तो पुढे, २००२ साली.

कोयनेचा भूकंप याच्या आधीचा, ११ डिसेंबर १९६७ चा. तोही पहाटेचाच. बळी दोनशेच्या आत होते, कारण वस्ती विरळ होती. त्याची एकच गोष्ट सांगतो. कोयनेचे वीजघर बंद पडले आणि तिकडे मुंबईत अंधार झाला, कारखाने थांबले. ज्या घराने जमिनीचा हादरा मानावर घेतला नाही त्या घरात भूकंप तारेतून पोचला!

तार आणि नळ या दोन गोष्टींनी शहरी घराची बेगमी संपवली असे माझे मत आहे. पुण्याचा पानशेतचा पूर आठवा. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे नवे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने धरणही गेले आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवसाची वर्णने पुष्कळ आहेत. मला दुसऱ्या दिवसाविषयी सांगायचे आहे. शहराला पाणी येई खडकवासल्याहून. म्हणजे पुराने एका दिवशी घरे बुडवली आणि नंतर शहराला कोरडे पाडले. ज्या वाड्यांतल्या विहिरींवर फळ्या टाकून ठेवल्या होत्या, त्या फळ्या काढाव्या लागल्या. ज्यांनी विहीर बुजवली नव्हती त्यांच्या दारात रांगा लागल्या. पुरात सर्वांत आधी तुटवडा पडतो तो पाण्याचाच, ही गोष्ट मुलांना सांगितली की त्यांना कोडे घातल्यासारखे वाटते. प्रत्येक पुरानंतर ती खरी ठरली आहे.

मुंबईने तिचा अनुभव २६ जुलै २००५ रोजी घेतला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वेळी कुलाब्याला अवघा ७३. एकाच शहराची ही दोन टोके! ज्या इमारतींचे पंप आणि विजेचे मीटर तळमजल्यावर होते तिथे पाणी, दिवे आणि लिफ्ट एकदम गेले. चौथ्या मजल्यावरचा माणूस कोरडा होता, पण त्याच्या घागरीत पाणी नव्हते. पुढच्या महिन्यात घाण पाण्यातून चाललेल्या माणसांत लेप्टोस्पायरोसिसचा ताप पसरला. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यात उतरू नये, हे मुंबईने तेव्हा किंमत मोजून शिकले.

पालकहो, त्या दिवशीची एक गोष्ट तुमच्यासाठी आहे. दुपारी पाऊस वाढला तेव्हा हजारो मुले शाळांत होती. मोबाइल लागत नव्हते. अनेक शाळांनी मुलांना रात्रभर ठेवून घेतले. बाके जोडून मुले निजली, जे होते ते खाल्ले आणि सुखरूप राहिली. हाल झाले ते निम्म्या वाटेवर सापडलेल्यांचे. मुलांना आणायला निघालेले आईबाप गळ्याएवढ्या पाण्यातून चालत होते आणि मूल कोठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून घरात एक करार आजच करून टाका. पाणी चढू लागले तर मूल जिथे आहे तिथेच थांबेल, शाळेबाहेर पडणार नाही आणि तुम्ही त्याच्यासाठी जीव धोक्यात घालणार नाही. घरातले सारे चुकामूक झाल्यास अमुक नातलगाला निरोप देतील. तो नातलग दुसऱ्या गावचा असावा, आणि त्याचा नंबर मुलाला तोंडपाठ असावा. मोबाइलमध्ये साठवलेला नंबर मोबाइलबरोबरच बुडतो. पाढे पाठ करून घेता तसा हाही करून घ्या. त्याबरोबर ११२ आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ हेही.

आता पुन्हा कोकणात, चिपळूणला. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली, रस्ते बारमाही झाले, दुकाने रोज उघडी. आगोट हळूहळू आठवड्याच्या पिशवीवर आली. माळे मोडून त्या जागी स्लॅब पडला. यात वाईट काही झाले असे मी म्हणणार नाही. चार महिने बेटावर राहण्याची हौस कोणाला असते? पण २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्या गावात शिरल्या, रस्ता आणि रेल्वे एकाच वेळी बंद पडली आणि चिपळूण पुन्हा बेट झाले. या खेपेला बेटावर बेगमी नव्हती. आदल्या दिवशी, २१ जुलैला, बकरी ईद होती. घरे पाहुण्यांनी भरलेली, फ्रीज गोश्ताने भरलेले. वीज गेली, मोबाइलचे मनोरे मुके झाले. बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढले.

माझ्या धाकट्या बहिणीचे घर त्या पाण्यात होते. २००५ सालीही ते बुडाले होते, तेव्हा भिंतीवर पाण्याची रेघ राहिली होती. मेहुण्यांनी हौसेने त्या रेघेवर तारीख लिहिली होती आणि कपाट त्या रेघेच्या वीतभर वर बसवले होते. २०२१ चे पाणी त्या कपाटाच्याही वर गेले. माणसे गच्चीवर चढून वाचली. चौथ्या दिवशी मी पोचलो तेव्हा बहीण अंगणात खुर्चीवर बसून चिखलाचा एक लगदा नखाने सोडवत होती. ती मामूंची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची, फाइल होती. त्यात त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला होता, १९५० च्या सुमाराचा. भाच्याला त्याच वर्षी प्रवेश घ्यायचा होता.

या दाखल्याचे मोल काय ते जाणकार पालक ओळखतील. बाकीच्यांसाठी सांगतो. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाचा दाखला काढताना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आपल्या समाजातील मोमीन, बागवान, पिंजारी, तांबोळी अशा कित्येक बिरादऱ्यांना हा लाभ मिळतो. परंतु तो मिळवायचा तर आजोबांच्या किंवा पणजोबांच्या कागदावर ती नोंद हवी. त्या काळच्या पुष्कळ शाळांनी 'मुसलमान' एवढेच लिहून विषय संपवला. ज्यांच्या कागदावर बिरादरी लिहिली गेली त्यांचा तो पिवळा कागद घरातल्या सोन्याहून मोलाचा आहे. आधारकार्ड बुडाले तर नवे मिळते. गुणपत्रिकेची दुसरी प्रत मंडळ देते, आणि आता ती डिजिलॉकरमध्येही सापडते. आजोबांचा दाखला तिथे नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमधून तो पुन्हा काढता येतो हे खरे. पण शाळाही त्याच नदीच्या काठी असते.

म्हणून माझ्या मते आजच्या घराची खरी आगोट कागदांची आहे, आणि ती तांदळाइतक्याच नेमाने मेअखेर व्हावी. पत्र्याची पेटी पुरेशी नाही. तिच्यात पाणी शिरते आणि बाहेर पडत नाही. जाड प्लास्टिकच्या पिशवीत कागद ठेवून तोंड घट्ट बांधा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला आणि मग पेटीत ठेवा. लॅमिनेशनवर भिस्त ठेवू नका. कडेने पाणी शिरले की कागद आतल्या आत कुजतो. जुन्या दाखल्याचे, सातबाऱ्याचे, निकाहनाम्याचे फोटो काढून ते दूरच्या नातलगाकडे पाठवून ठेवा. आपली माणसे पुण्याला आहेत, कुवेतला आहेत. एका नदीचा पूर सगळीकडे पोचत नाही. कागद भिजलाच तर ओढून सुटे करू नका, इस्त्री फिरवू नका, उन्हात टाकू नका. सावलीत, पंख्याच्या वाऱ्याला, कोऱ्या कागदांच्या घड्यांमध्ये सुकवा आणि दोन दिवसांच्या आत हे काम करा, नाही तर बुरशी धरते. बहिणीने नखाने सोडवायला नको होते. तिला ते कोणी सांगितले नव्हते, आणि मलाही तेव्हा ठाऊक नव्हते.

पेटी कोठे ठेवावी? इथे इतिहास पुन्हा आडवा येतो. चिपळूण-महाडकरांनी उंचावर ठेवावी. किल्लारीकरांनी जड वस्तू डोक्यावर ठेवू नयेत, पलंगाच्या वर माळा तर नकोच, आणि कपाटे भिंतीला खिळवावीत. कोयनेचा शेजार आणि वाशिष्ठीचा काठ दोन्ही लाभलेल्या चिपळूणकरांना पेटी उंच पण हलकी, आणि निजण्याच्या जागेपासून दूर अशी ठेवावी लागेल. श्रीवर्धन, मुरुड आणि दापोलीच्या लोकांनी ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ पाहिले आहे. त्या दिवशी छपरेच उडाली; उंचावर ठेवलेले सगळे भिजले. त्यांच्यासाठी पक्क्या स्लॅबखालची खोली बरी. वर्तमानपत्रांतून 'आपत्तीत हे जवळ ठेवा' अशा याद्या छापून येतात. त्या वाईट नसतात. दिवा, घटांतले उकळलेले पाणी, औषधे, शिट्टी, थोडे रोख पैसे हे कोठेही लागतेच. पण यादीने तुमचे गाव पाहिलेले नसते.

गाव पाहिलेली माणसे घरात बसलेली आहेत. मुलामुलींनो, सुटीत एक वही घ्या आणि दादी-नानींजवळ, शेजारच्या आजोबांजवळ बसा. पाणी कोठपर्यंत आले होते, कोणत्या साली, दिवसा की रात्री, कोणती विहीर तेव्हाही गोडी राहिली, कोणत्या वाटेने माणसे वर गेली, कोणाच्या भिंती पडल्या आणि कोणाच्या उभ्या राहिल्या, हे विचारा. उत्तरे लिहून घ्या, आणि साल सांगता आले नाही तर लग्न, जन्म किंवा ईद यांच्या आधाराने काढा. एक प्रश्न आईलाही विचारा. घरातले कागद कोठे आहेत हे तिला ठाऊक आहे काय? अनेक घरांत किल्ली एकट्या अब्बांकडे असते, आणि अब्बा नेमके परगावी.

माझ्या भाच्याला शेवटी त्याच्या आजोबांच्या शाळेने रजिस्टरातून उतारा काढून दिला. रजिस्टर दुसऱ्या मजल्यावर होते. २००५ च्या पुरानंतर तिथल्या एका शिपायाने ती सारी बाडे कोणाला न विचारता वर नेऊन ठेवली होती, आणि जिना चढावा लागतो म्हणून सोळा वर्षे कारकुनांची बोलणी खाल्ली होती. बहिणीच्या घरी आता भिंतीवर दोन रेघा आहेत. पेटी त्या दोन्हींच्या वर, गच्चीच्या दाराशी ठेवली आहे, आणि तिची किल्ली दारामागच्या खिळ्याला टांगलेली असते.